पेरभर वाट

काडतुसाची वाट जेमतेम बोटाच्या पेराएवढी. मॅगझिनच्या तोंडातून निघायचं, समोरचा छोटा उतार चढायचा आणि चेंबरमध्ये जाऊन बसायचं. जुन्या पिस्तुलांनी दगा दिला तो बहुतेक वेळा या पेरभर वाटेतच. नळी शाबूत असते, घोडा शाबूत असतो, चाप बिनतक्रार चालतो, आणि तरी दुसरी गोळी सुटत नाही. कारण दुसरं काडतूस मध्येच कुठंतरी नाक खुपसून बसलेलं असतं. फौजेत ईएमईचा, म्हणजे हत्यारं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा, आर्मरर म्हणून मी या वाटेची राखण केली. रायफली हाताखालून गेल्या, कार्बाइनी गेल्या, मशिनगनी गेल्या. जीव जडला तो पिस्तुलावर, त्यातही जुन्या पिस्तुलावर. आता अकोल्यात प्रवरेच्या काठी शेती बघतो. आमच्या नगर जिल्ह्यात फौजेतून परतलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा काही असो, मेजर म्हणायची रीत आहे. मीही मेजर. ओटीवर बसलो की कुणी ना कुणी येऊन बसतं आणि बोलणं फिरून फिरून या वाटेवर येतं.

बार होतो तेव्हा डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून आमचे उस्ताद बारूद नसलेली ड्रिलची काडतुसं मॅगझिनमध्ये भरायला लावायचे आणि पिस्तुलाची मागंपुढं सरकणारी स्लाइड हातात धरून तसूतसूनं पुढं सोडायला सांगायचे. तशी सोडली की एकेक गोष्ट उलगडते. स्लाइडचा पुढचा सपाट चेहरा वरच्या काडतुसाच्या बुडाला, तेही बुडाच्या फक्त वरच्या कडेला टेकतो आणि ढकलू लागतो. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात. त्या काडतुसाला वरून दाबून धरतात. आम्ही त्यांना लिप म्हणायचो. काडतूस त्या दोन लिपांखालून पुढं घसरतं, नाक उतारावर टेकवतं, नाक वर उचलतं. इथं एक क्षण असा येतो की काडतूस अर्धं मॅगझिनचं असतं आणि अर्धं नळीचं. नेमक्या त्या क्षणी लिपांनी त्याला सोडायचं. सोडलं की बूड वर सरकतं, रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली जाऊन बसतं, नाक चेंबरात शिरतं आणि स्लाइड मिटते. लिपांनी घाई केली तर नाक उसळून चेंबरच्या वरच्या काठावर थडकतं. उशीर केला तर नाक उतारात रुततं. नळीचं पोलाद जाड, स्लाइड भरीव. आणि हा घाई-उशिराचा सगळा तोल मात्र हातातून फरशीवर पडली तर चेपेल अशा पातळ पत्र्याच्या डबीवर सोडलेला. मला याचं अजून नवल वाटतं. उस्तादांचा नियम साधा होता. रोक पडली, म्हणजे काडतूस वाटेत अडलं, की आधी मॅगझिन बदलून बघायचं, पिस्तुलाला दोष नंतर द्यायचा.

पेरणी ज्याला कळते त्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, राजूर-भंडारदऱ्याकडं भात. तिथं लावणी चालते. पूर्वेला आढळेच्या खोऱ्यात मात्र बाजरी पाभरीनं पेरायची. चाड्यावर मूठ धरलेली माझी आई मला अजून दिसते. मुठीतून बी सुटायचं, चाड्यात पडायचं, चाड्यातून नळ्यांत आणि नळ्यांतून फणामागं मातीत. बैल आपल्या चालीनं जाणार. मुठीनं त्यांची चाल धरायची. बैल झपझप निघाले आणि मूठ आखडती राहिली की ओळीत नांग्या पडल्याच. बैल मंदावले आणि मूठ सैल सुटली की बी एका जागी दाटलं. नळ्याच्या तोंडाशी ओली माती बसली तर वरची मूठ कितीही इमानी असो, खाली तास मोकळंच जायचं, आणि ते कळायचं उगवण झाल्यावर. पिस्तुलात बैलांची चाल ती स्लाइडची आणि मूठ ती मॅगझिनमधल्या स्प्रिंगची. स्लाइड मागं जाऊन परत येईपर्यंत स्प्रिंगनं पुढचं काडतूस वर आणून ठेवलेलं असलं पाहिजे. आई बैलांकडं बघून मूठ सावरायची. स्प्रिंगला ती सोय नाही. जी चाल तिला घडवताना दिली तेवढीच तिला ठाऊक. स्लाइडची चाल बदलली, काडतूस कमजोर झालं, नळीत काजळी साचली, ऋतू बदलला, तरी ती आपली जुन्याच चालीनं वर उचलत राहते.

हत्यारानं स्वतःच स्वतःला भरवायचं ही कल्पना तशी अलीकडची. आमच्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले त्या काळी बंदूक ठासणीची होती. दर बाराला बारूद हातानं ओतायची, गोळी गजानं ठासायची. चुकणारा माणूस आणि सावरणाराही माणूसच. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यानंतर अर्धं शतकही उलटलं नाही तोवर, १८९३ साली, ह्यूगो बोर्कार्टनं पिस्तुलाच्या मुठीतच मॅगझिन बसवून दाखवलं. १८९६ सालच्या माउझरनं ते चापाच्या पुढं ठेवलं. या दोन्ही पिस्तुलांची काडतुसं गळ्याशी आवळलेली होती, पुढून निमुळती. रुंद चेंबरात निमुळतं नाक सहज शिरायचं, त्यामुळं त्यांना वाट सोपी गेली. कलकत्त्याच्या क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी रोडा कंपनीच्या मालातून पळवली ती हीच माउझर, ५० पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं. पण माउझर अवजड. कोटाच्या खिशात मावेल असं पिस्तूल दिलं जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिरानं, तेही बेल्जियममधल्या एफएन कारखान्यातून, १९०० साली.

ब्राउनिंगची मला ओढ वाटते ती त्याच्या काटकसरीमुळं. या लहान पिस्तुलात त्यानं नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवणारी कुठलीही खिटी ठेवली नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण, एवढ्यावर सगळं तोललं. काडतूसही बेताच्या ताकदीचं घेतलं: ७.६५ मिलिमीटर, आपण ज्याला .३२ म्हणतो ते. गोळीचं वजन साडेचार ग्रॅमच्या जरासं वर, अख्ख्या काडतुसाची लांबी २५ मिलिमीटर. काडतूस चेंबरात किती आत जाऊन थांबावं यासाठी त्याच्या बुडाला बाहेर आलेली बारीक कड ठेवली. ही कड पुंगळीच्या अंगाबाहेर जेमतेम पाव मिलिमीटर येते. बोट फिरवलं तरच जाणवते. आणि गेली सव्वाशे वर्षं .३२च्या पिस्तुलांना सगळ्यात जास्त छळलंय ते या पाव मिलिमीटरनं.

मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली असतात. वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढं असायला हवी. तसं असलं की वरचं मोकळेपणी पुढं सरकतं. बाराच्या धक्क्यानं काडतुसं मागंपुढं हलतात. आत जरा जास्त मोकळी जागा मिळाली तर वरच्याची कड खालच्याच्या कडेमागं जाऊन बसते. मग स्लाइड ढकलते वरच्याला, वरचं ओढतं खालच्याला, आणि खालचं तर पत्र्यात कोंडलेलं. कुणीच हलत नाही. ब्राउनिंगनं मॅगझिनची आतली लांबी बेतली ती गोल नाकाच्या, पूर्ण तांब्याचं कवच असलेल्या २५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. तेवढं लांब काडतूस घातलं तर कडा एकमेकींना ओलांडण्याइतकं सरकायला जागाच उरत नाही. पुढं पोकळ नाकाच्या, आखूड गोळ्या निघाल्या. त्या आखूड म्हणून आत सैल, आणि सैल म्हणून अडकणाऱ्या. फौजेत रोकेवर फौरी इलाज शिकवतात: मॅगझिनला खालून थाप, स्लाइड मागं, स्लाइड पुढं, पुन्हा नेम. कडेत कड अडकली की या इलाजाचा उपयोग होत नाही. मॅगझिन बाहेर काढायचं, काडतुसं अंगठ्यानं एकेक मोकळी करायची, कडा बघून पुन्हा भरायची. घरातल्या ओटीवर याला मिनिटभर लागतं. जिथं पिस्तूल काढायची वेळ येते तिथं तेवढं मिनिट कुणाकडं नसतं.

महाराष्ट्रात ही ब्राउनिंग आली ती चोरवाटेनं. १९०९ साली लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुलं काडतुसांसह पाठवली. चतुर्भुज अमीन यांच्या सामानातल्या एका पेटीच्या दुहेरी तळात दडवून ती मुंबईला पोचली. त्यांतलंच एक २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हातात होतं. किर्लोस्कर मंडळींचं ‘शारदा’ होतं, आणि बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचा तो प्रसंग होता. त्या रात्री काडतुसांना वाट सापडली. संस्कृतचा जाणकार म्हणून ओळखला जाणारा एक माणूस तिथं मेला. आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, तिघांनाही फाशी झाली. तुरुंग तोच, ठाण्याचा. ठासणीच्या बंदुकीच्या काळातले आमचे राघोजी आणि स्वतःला भरवणाऱ्या पिस्तुलाच्या काळातले हे तीन तरुण, मधे बासष्ट वर्षं, आणि शेवट एकाच तुरुंगात. ठाण्यावरून रेल्वेनं जाताना हे माझ्या मनातून कधी जात नाही.

जळगावात उलटं घडलं. चंद्रशेखर आझादांच्या जवळचे दोघे, भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर, सप्टेंबर १९२९ मध्ये भुसावळ स्टेशनवर पकडले गेले. खटला जळगावला चालला. जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष हे दोघे पूर्वीचे साथीदार, आता माफीचे साक्षीदार. फेब्रुवारी १९३० मध्ये ते जळगावला साक्षीसाठी आले असताना माहौर यांनी लपवून आत पोचवलेलं पिस्तूल काढलं आणि त्यांच्यावर झाडलं. जयगोपाल जखमी झाला, पण दोघेही जिवंत राहिले. पिस्तूल ऐन वेळी अडकलं, अशी हकीकत सांगितली जाते. मला त्यात काही नवल वाटत नाही. असं पिस्तूल किती हातांतून गेलेलं असेल! कुठं जमिनीत पुरलेलं, कुठं फडक्यात गुंडाळलेलं, मॅगझिन एकाकडं आणि पिस्तूल दुसऱ्याकडं. काडतुसं मिळतील तिथून, मिळतील त्या कारखान्याची. सराव करावा तर आवाज होणार आणि काडतूसही खर्ची पडणार, म्हणून बार न काढताच ठेवलेलं. ज्या हत्याराचं मॅगझिन त्याच्याच नळीवर कधी पारखलेलं नाही, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या त्या तरुणांचा विचार करताना माझ्यातला आर्मरर तळमळतो. एक दिवस ते माझ्या बाकावर आलं असतं तर, असं मनात येतं. आणि लगेच दुसरंही मनात येतं, की ते चाललं नाही म्हणून त्या दिवशी दोन माणसं घरी गेली. या दोन विचारांचं भांडण मी मिटवलेलं नाही आणि मिटवणारही नाही. फणींद्रनाथ घोषला पुढं १९३२ साली बेतियात वैकुंठ शुक्ल यांनी गाठलं ते धारदार शस्त्रानं. त्यात अडकण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या नोकरीतलं पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या कारखान्यातलं ९ एमएम १ए. मूळ आराखडा ब्राउनिंगचाच. नोव्हेंबर १९२६ मध्ये, एफएनच्या कारखान्यातच, काम करता करता ब्राउनिंग गेला. त्याचं अर्धं राहिलेलं पिस्तूल द्यूदोने सैव्ह या बेल्जियन कारागिरानं १९३५ साली तडीस नेलं. १३ काडतुसं मुठीत मावावीत म्हणून सैव्हनं ती दोन ओळींत तिरपी रचली आणि वर तोंडाशी त्या दोन ओळींची एक केली. ऐकायला सोपं आहे. पण दोन ओळी जिथं एक होतात तिथं काडतुसं एकमेकांना घासतात, भिंतींना घासतात, आणि स्प्रिंगचा अर्धा जोर तिथंच जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टेनगनची हीच दुखरी जागा होती. तिच्या मॅगझिनमध्ये ३२ काडतुसं मावायची. अनुभवी शिपाई २८ वर थांबायचे. पुढं आपल्या फौजेत आलेल्या ९ एमएम कार्बाइनच्या मॅगझिनमध्ये काडतुसं वर उचलणाऱ्या तुकड्याला फिरते रूळ बसवले होते, आणि काडतुसं शेवटपर्यंत दोन ओळींतच राहायची. ते बाकदार मॅगझिन मी चिखलात पडलेलं बघितलंय, झटकून लावल्यावर चाललेलंही बघितलंय. सैव्हचं मॅगझिन तितकं सोशीक नव्हतं, पण निगा राखली तर इमानी होतं. सैव्हच्या या पिस्तुलाला हाय-पॉवर म्हणतात. जुन्या हाय-पॉवर पिस्तुलांच्या उतारावर मधे एक उंचवटा असायचा. गोल नाकाची गोळी त्याच्यावरून चढून जायची. पोकळ, चपट्या नाकाची तिथं ठेचाळायची. पुढच्या नळ्यांत तो उंचवटा काढून उतार सरळ केला. नव्या माणसाला जुना उतार चुकीचा वाटतो. मला तो चुकीचा वाटत नाही. तो ज्या गोळीसाठी घातला होता तिला त्यानं कधी अडवलं नाही.

आमच्या शेजारच्या आण्णांकडं वडिलोपार्जित कोल्ट आहे, १९०३ च्या नमुन्याचं, .३२. नमुना तोच, जो आझादांच्या हातात २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात होता; आझादांचं ते पिस्तूल आता तिथल्या संग्रहालयात आहे. हेही डोकं ब्राउनिंगचंच, कारखाना अमेरिकेतला. घोडा स्लाइडच्या आत झाकलेला, बाहेर कुठंही टोक नाही, खिशाच्या अस्तरात अडकायला काही ठेवलेलंच नाही. आण्णांनी परवाना वेळोवेळी नव्यानं करून घेतलेला, काडतुसांच्या नोंदी नीट ठेवलेल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मला बोलावलं.

“मेजर, जरा बघा बरं. बाबांच्या वेळी असं कधी होत नव्हतं.”

दुरुस्तीचा परवाना माझ्याकडं नाही, म्हणून हत्याराला मी हत्यार लावत नाही. बघायला आणि सांगायला हरकत नसते, तेही आण्णा समोर बसलेले असताना. जिवंत काडतुसं आधी मोजून आतल्या खोलीत कुलपात ठेवायला लावली. चेंबर उघडून बोट घालून बघितलं. मग माझ्याकडची पितळी काडतुसं काढली, भरीव पितळेची, लेथवर काढून घेतलेली, ज्यांच्यात जाळण्यासारखं काहीच नाही.

पिस्तुलाबरोबर मॅगझिनं दोन. एकाच्या बुडावर कोल्टचं नाव आणि ३२ चा आकडा कोरलेला. दुसऱ्याचं बूड कोरं. कोऱ्या मॅगझिनमध्ये काडतुसं भरून मी वरून बघितलं. वरच्या काडतुसाचं नाक सरळ नळीकडं बघायला हवं. ते तसूभर डावीकडं आणि वर बघत होतं. उजवी लिप जराशी उघडलेली. कधीतरी कुणीतरी पक्कडीनं वाकवलेली असणार, कारण कडेवर दातांचे दोन बारीक ओरखडे होते. स्लाइड तसूतसूनं सोडली. काडतूस अर्ध्या वाटेवर आलं, उजव्या लिपेनं त्याला लवकर सोडलं, आणि त्याचं नाक चेंबरच्या वरच्या काठाला टेकून थांबलं. आण्णा चष्मा सावरत वाकून बघत होते. मी स्लाइडवरचा हात काढला. पितळेचं ते काडतूस निम्मं आत, निम्मं बाहेर, तसंच तिरपं अडकून राहिलं. “हे असं होतंय होय,” आण्णा म्हणाले. इतकी वर्षं घरात असलेल्या पिस्तुलाच्या आत त्यांनी पहिल्यांदाच डोकावून बघितलं होतं.

कोल्टच्या नावाचं मॅगझिन लावलं. पहिली काडतुसं बिनबोभाट गेली. शेवटची दोन मात्र सुस्त. नाक वर येईना. स्लाइडचा चेहरा बुडावरून घसरून काडतुसाच्या पाठीवर चढला. लिपा सरळ होत्या, पण स्प्रिंग थकली होती. मॅगझिन भरलेलं असतं तेव्हा स्प्रिंग पुरी दाबलेली, म्हणून तिच्यात जोर असतो. रिकामं होत येतं तसा जोर ओसरतो. म्हणून थकल्या स्प्रिंगची खूण शेवटच्या काडतुसांत दिसते. पहिलंच काडतूस अडत असेल तर दोष दुसरीकडं शोधावा. आण्णांचे वडील रात्री उशाशी पिस्तूल ठेवायचे, भरलेलं. त्यांच्या पश्चातही ते मॅगझिन कित्येक वर्षं तसंच भरलेलं राहिलं असावं. काडतुसांच्या पितळेवरही कळंक चढला होता, हिरवट, बोटाला खरखरीत लागणारा. पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवलेलं. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि आमच्याकडचा पाऊस मिळून पितळ खातात. घाटघर-रतनवाडीकडं तर पावसाळ्यात भिंतीसुद्धा वाळत नाहीत. अकोल्यात पाऊस तितका नसला तरी आषाढात पेटीतला कागदसुद्धा दमट लागतो. कळंक चढलेलं काडतूस लिपांखालून घसरत नाही, ओढलं जातं. थकलेल्या स्प्रिंगला तेवढाही अडसर पुरतो.

आण्णांचा मुलगा पुण्यात असतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं उपाय ठरवूनच आणला होता. उतार घासून चकचकीत करायचा आणि चेंबरचा काठ जरा मोकळा करायचा. म्हणजे कुठलीही नवी गोळी जाईल. हा उपाय नव्या पिढीत फार बोकाळलाय, आणि मला त्याचा मनापासून राग आहे. उतारावरचा गंज किंवा साचलेली घाण पुसणं वेगळं. कानशीनं उताराचा कोन बदलला की तो पुन्हा येत नाही. खालचा काठ जास्त मोकळा केला तर पुंगळीचं बूड तिथं उघडं पडतं, बाराचा दाब झेलायला मागं पोलाद उरत नाही, आणि पुंगळी फुटली तर ती धरणाऱ्याच्या हातातच फुटते. दोष पत्र्याच्या डबीत आणि स्प्रिंगेत असताना नळीला शिक्षा कशाला? ज्या कारागिरांनी ते पिस्तूल जुळवलं त्यांनी मॅगझिन, स्प्रिंग, उतार आणि काडतूस ही चार माणसं एकमेकांशी बोलती करून ठेवली होती. त्यांतली दोन म्हातारी झाली, एक परकं आलं. म्हणून चौथ्याचं नाक कापायचं हा न्याय नव्हे. जुन्या कोल्टची १९११ नमुन्याची मॅगझिनं कुणी बघितली असतील तर त्यांचा वरचा भाग वेगळ्या रंगाचा दिसतो, खालचा वेगळा. लिपा टणक राहाव्यात म्हणून तेवढ्याच भागाला कारखान्यात पाणी दिलेलं असायचं. इतक्या पातळ कडेची इतकी काळजी घेणाऱ्या माणसांचं काम आपण ओबडधोबड हातानं घासू नये.

मुलाला मी हे सगळं सांगितलं, पण सांगण्यानं पटत नाही. म्हणून त्याच्या हातात पितळी काडतुसं दिली आणि स्लाइड सावकाश सोडायला लावली. एकदा कोऱ्या मॅगझिननं, एकदा कोल्टच्या. सुरुवातीला तो डोळ्यांनी बघत होता. हळूहळू बघणं सोडून अंगठ्यानं ऐकू लागला. काडतूस लिपेतून सुटतं तो बारीक झटका, नाक उतारावर टेकतं तो दुसरा, बूड आकड्याखाली जातं तो तिसरा. मग त्यानं कोरं मॅगझिन लावलं, स्लाइड अर्ध्यावर आणली आणि थांबून म्हणाला, “काका, हे इथंच लवकर सुटतंय.” मी काही बोललो नाही. त्याला सापडलं होतं.

मग आम्ही तिघांनी बसून काय करायचं ते ठरवलं. कळंक चढलेली काडतुसं रीतसर परत करायची आणि नवी घ्यायची ती गोल नाकाची, पूर्ण कवचाची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची घेतली तरी चालतील. १८६९ पासून तिथं काडतुसं होतात, आणि केएफ ही त्यांची बुडावरची खूण आण्णांच्या वडिलांच्या जुन्या डब्यातही होती. मात्र एकाच डब्यातली घ्यायची, दोन कारखान्यांची मिसळायची नाहीत, कारण बारूद कमीजास्त भरलेली असेल तर स्लाइड कधी पुरी मागं जाईल आणि कधी अर्ध्यावरून परतेल. कोल्टच्या मॅगझिनला तेवढीच नवी स्प्रिंग बसवायची, परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून, त्याच्या नोंदवहीत नोंद करून. कोरं मॅगझिन वापरायचं नाही, पण फेकायचंही नाही. लिप सरळ करणं जमणाऱ्या माणसाला ते दाखवता येईल. बाहेरून पिस्तुलं आणणं १९८० च्या दशकातच खासगी माणसांना बंद झालं, त्यामुळं असली जुनी मॅगझिनं आता सहजी मिळत नाहीत. म्यानात पिस्तूल ठेवायचं नाही. तेल लावलेल्या सुती फडक्यात ठेवायचं, मॅगझिन रिकामं.

उताराला कुणी हात लावणार नाही, हे मुलानं आपणहून कबूल केलं. आता या कामासाठी निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत नगरला जाऊन यायचं आहे, कारण ती लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो आणि मग निकालापर्यंत पिस्तूल ठाण्यातच राहतं. आण्णांना गुडघ्यांमुळं एसटीचा प्रवास झेपत नाही, पण परवाना त्यांच्या नावावर असल्यानं त्यांना यावंच लागेल. मुलगा गाडी घेऊन येतो म्हणालाय. पितळी काडतुसं मी त्याच्याकडंच राहू दिलीत. जायच्या आधी आणखी सराव करतो म्हणाला.